पाटावर बसायचं आहे, पायाची बोटं धरायची नाहीत

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका 46 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. वडील गेल्यापासून कोकणातल्या घरचा गणपती त्यांच्याकडे आला. गेल्या वर्षी ते पूजेला पाटावर बसले आणि दहा मिनिटांत उजवा गुडघा आणि जांघ इतकी भरून आली, की भावकीसमोर प्लॅस्टिकची खुर्ची मागवावी लागली. काकू म्हणाल्या, "अरे, इतक्यातच खुर्ची? तुझे वडील सत्तरीतसुद्धा तासभर बसायचे." ते शब्द त्यांना लागले. यंदा तशी वेळ येऊ नये म्हणून मार्चपासून ते सोसायटीच्या गच्चीवर पहाटे सहाला भरणाऱ्या योगवर्गाला जाऊ लागले. बाकीच्यांची बोटं पायाला लागतात, यांची नडगीच्या मध्यावर अडतात. पाच आठवड्यांपूर्वी शिकवणाऱ्यांनी पाठीवर हात ठेवून खाली दाबलं आणि मांडीच्या मागे काहीतरी चटकन तुटल्यासारखं झालं. दोन दिवसांत तिथे काळंनिळं पडलं. तीन आठवडे त्यांनी विश्रांती घेतली. आता चालताना दुखत नाही, पण वाकलं की ओढ लागते. घरात 74 वर्षांची आई आहे, ती आजही जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरते. मोबाइलवर तीस दिवसांत अंग लवचीक करून देणारे व्हिडिओ येत राहतात. गणपतीला अकरा आठवडे उरले आहेत. ते विचारतात, "पुन्हा वर्गाला जाऊन नेटानं ताण द्यावा, की वय झालं म्हणून नाद सोडावा?"

आधी दुखापतीचं बोलू, कारण बाकीचं सगळं तिथे अडलं आहे.

चटकन तुटल्यासारखं होणं आणि मग काळंनिळं पडणं, याचा अर्थ बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूचे, हॅमस्ट्रिंगचे, काही तंतू फाटले. तुम्ही विश्रांती घेतलीत ते योग्य केलंत. पण विश्रांतीनं स्नायू एका टप्प्यापर्यंतच भरून येतो. पुढे त्याला हळूहळू काम द्यावं लागतं, आणि काम म्हणजे ओढणं नव्हे. त्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. दुखतं ते नेमकं कुठे, हे हातानं तपासावं लागतं, पत्रातून मला ते कळणार नाही. ओढ मांडीच्या मध्यावर असेल तर चिंता कमी. पण कडक बाकावर बसल्यावर ढुंगणाच्या हाडाशी दुखत असेल तर तिथला स्नायूबंध दुखावलेला असू शकतो, आणि पुढे वाकून ताण दिला की तो हाडावर दाबला जाऊन आणखी चिडतो. हे मी स्वतः भोगलं आहे. अडतिसाव्या वर्षी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावायचंच असा हट्ट धरला होता. त्यानंतर आठ महिने ठाणे ते दादर मी उभ्यानं जात होते, बसायला जागा मिळाली तरी. ओढ गुडघ्याखाली उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर प्रश्न बहुधा नसेचा आहे आणि चिडलेल्या नसेला ताणणं मुळीच मानवत नाही. आणि कधी लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे शेवटचं तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला दोन दिवस छळत होती ती सांगते. तुम्हाला पाटावर बसायचं आहे. आणि तुम्ही तीन महिने सराव केलात तो पायाची बोटं धरण्याचा.

या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंधच नाही. हॅमस्ट्रिंग खुब्यामागून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतो. म्हणून पाय सरळ ठेवून वाकलं की तो ताणला जातो. मांडी घातली की गुडघे दुमडतात आणि तो सैल पडतो. ज्या स्नायूवर तुम्ही इतका जोर लावलात, जो शेवटी फाटला, तो पाटावर तुम्हाला अडवतच नव्हता.

अडवत होता तो खुबा. मांडी घालताना मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. ते पुरेसं वळलं नाही तर शरीर ती उणीव गुडघ्याकडून भरून काढतं. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे. तो दुमडतो आणि उघडतो, पिळला जाणं त्याला सोसत नाही. गेल्या वर्षी दहाव्या मिनिटाला तुमचा उजवा गुडघा जे सांगत होता ते बहुधा हेच. म्हणून मांडी घातल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं की तो "ताण" समजून सोसू नका. लगेच पाय सोडा.

तुमच्या आईंबद्दल. तुमच्या शब्दांत असा सूर आहे, की ती पिढीच वेगळ्या हाडामांसाची होती. मला तसं वाटत नाही. त्यांनी बसणं कधी सोडलंच नाही, एवढाच फरक. तुमचा दिवस बघा. पलंगावरून उठून कमोडवर, मग डायनिंग टेबलाशी, मग रिक्षा, ठाण्याहून लोकल, ऑफिसची खुर्ची, परत लोकल, रात्री सोफा. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंमीवर असते. सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही त्या उंचीच्या फारसे खाली येतच नाही. जे सांधे वर्षानुवर्षं एका मर्यादेपलीकडे वापरले जात नाहीत, त्या पलीकडचा भाग शरीराच्या लेखी परका होतो. आईंचं शरीर रोज विळीपाशी तिथे जाऊन येतं. त्या व्यायाम करतात असं त्यांना कुणी सांगितलं तर त्यांना पटणार नाही, पण रोजचा सराव म्हणतात तो हाच.

म्हणून "वय झालं का" याचं माझं उत्तर स्पष्टपणे "नाही" असं आहे. 46 हे वय नव्हे. वयानुसार ऊती थोड्या ताठ होतात हे खरं, पण साठी-सत्तरीतही नियमित सरावानं सांध्यांची हालचाल वाढते. "नेटानं ताण द्यावा का" याचंही उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या.

स्नायू म्हणजे आखूड पडलेला दोर आणि तो ओढून लांब करायचा, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात स्नायूच्या आत ताण मोजणारे संवेदक असतात. स्नायू झटक्यानं लांबला की ते मज्जारज्जूकडे खबर पाठवतात आणि स्नायू उलट आखडतो. हे संरक्षण आहे. हिसके देत वाकणं किंवा कुणी वरून दाबणं म्हणजे त्या पहारेकऱ्याशी कुस्ती. उलट सावकाश, श्वास मोकळा ठेवून, सोसेल इतक्याच ताणात थांबलं की तो हळूहळू निर्धास्त होतो. पहिल्या काही आठवड्यांत जी लवचीकता वाढलेली दिसते तिचा मोठा भाग स्नायू लांब झाल्याचा नसतोच. ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. शरीराचा भरवसा वाढतो म्हणा. आणि दुखवून कुणाचा भरवसा मिळत नाही.

यावरून ताणाचं माप ठरतं. असह्य कळ म्हणजे दहा धरलं तर तुमचा ताण तीन-चारच्या पुढे जाऊ नये. चेहरा आक्रसला, श्वास अडकला, की तुम्ही पुढे गेलात. थांबायचं 30 सेकंद. प्रत्येक बाजूला दोनदा, म्हणजे एका जागेला एकूण मिनिटभर ताण मिळाला की त्या दिवसापुरतं झालं. आठवड्यातून दोन-तीन दिवस ही किमान गरज आहे, रोज केलं तर उत्तम. एक दिवस तासभर आणि मग चार दिवस काहीच नाही, याचा उपयोग नाही. साठीपुढच्या वाचकांनी 30 ऐवजी 60 सेकंदांपर्यंत थांबावं. ताठर ऊतींना वेळ लागतो.

वेळ पहाटेची नको. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून टपोऱ्या होतात. उठल्याउठल्या तासाभरात कंबरेतून खोल वाकलं की त्यांच्यावर जास्त भार येतो. त्यात अंग थंड. म्हणून संध्याकाळ बघा. स्टेशनवरून घरी आल्यावर दहा मिनिटं भरभर चाला. उपवनला किंवा तलावपाळीला जाण्याइतका वेळ नसेल, बाहेर पाऊस कोसळत असेल, तर सोसायटीच्या पोडियमवर चाला किंवा तीन-चार मजले जिने चढा. अंगाला किंचित ऊब आली की मग घरातच, कोरड्या फरशीवर चटई टाकून. ओल्या गच्चीवर पाय घसरला तर पुन्हा तीच मांडी जाईल.

करायचं काय? माझ्या मते तुम्हाला तीनच गोष्टी पुरतील.

पहिली खुर्चीवरची. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा, पाठ ताठ ठेवून खुब्यातून जरासे पुढे झुका. ढुंगणाच्या बाहेरच्या बाजूला ओढ जाणवेल. गुडघा हातानं खाली दाबू नका. मग दुसरी बाजू. हे ऑफिसमध्येही होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी फुलपाखरासारखी बैठक. भिंतीला पाठ टेकून, ढुंगणाखाली चादरीची जाड घडी घेऊन, दोन्ही तळवे जुळवून बसा आणि गुडघ्यांना त्यांच्या वजनानं खाली येऊ द्या. गुडघे फडफडवू नका, त्यानं तोच पहारेकरी जागा होतो.

तिसरी ताकदीची, आणि ती तुम्ही टाळाल असं मला भय आहे, कारण लवचीकतेसाठी ताकद कशाला असं बहुतेकांना वाटतं. पण सांध्याच्या पूर्ण आवाक्यात केलेला ताकदीचा व्यायाम ताणाच्या व्यायामाइतकीच लवचीकता देतो, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. जिथे शरीराला ताकद नाही तिथे जायला ते बिचकतं. पाठीवर निजून गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर टेकवा, कंबर सावकाश उचला, तीन आकडे थांबा, खाली आणा. दहा वेळा. दुखावलेल्या हॅमस्ट्रिंगलाही हेच हलकं काम मिळेल, फक्त फिजिओथेरपिस्टनं होकार दिल्यावर. याच्या जोडीला रोज पाच वेळा जमिनीवर बसायचं आणि उठायचं. सुरुवातीला सोफ्याच्या कडेचा आधार घ्या, महिन्याभरानं एका हाताचा, पुढे जमलं तर विनाआधार.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्यक्ष बसणं. व्यायाम खुबा मोकळा करतील, पण पाऊण तास बसायची सवय बसूनच लागते. आज रात्री बातम्या बघताना सोफ्यावरून खाली या. ढुंगणाखाली दोन उशा किंवा जाड घड्या घ्या, साधारण 15 सेंमी उंचीच्या. कटी वर उचलली की गुडघे खुब्यांच्या खाली येतात, पाठ आपोआप ताठ राहते आणि गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. पाच मिनिटं बसा. मध्ये पाय बदला. जो पाय नेहमी वर असतो तो खाली घ्या. पुढे दर आठवड्याला चारेक मिनिटं वाढवत न्या. असं केलंत तर नवव्या आठवड्यात तुम्ही सदतीस मिनिटांवर असाल आणि गणपतीपर्यंत पाऊण तासावर. दर पंधरवड्याला एक घडी काढून बघा, जमली नाही तर परत घाला. एखाद्या आठवड्यात शरीर अडून बसलं तर मिनिटं वाढवू नका, आहे तिथेच राहा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं रेंगाळलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच अर्थ घ्या आणि एक पायरी खाली उतरा.

आणि हो, जेवण. आठवड्यातून दोन रात्री आईंबरोबर खाली बसून जेवा. मला वाटतं, त्यांना ते फार आवडेल.

तीस दिवसांचे व्हिडिओ बंद करा. व्हिडिओतल्या माणसाचा खुबा आणि तुमचा खुबा एक नव्हे. वाटीची खोली, तिची दिशा, मांडीच्या हाडाचा पीळ हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि हाडाला हाड लागलं की तिथे कितीही ताण द्या, पुढे जाता येत नाही. काही जणांना पद्मासन कधीच जमणार नाही, आणि त्यात त्यांचा आळस नाही की कमीपणा नाही.

वर्गात परत जायचं का? जायला हरकत नाही, तीन-चार आठवड्यांनी, गच्ची कोरडी असेल तेव्हा आणि पहाटे खोल वाकणं टाळून. पण त्याआधी शिकवणाऱ्यांशी बाजूला बोला. आपल्याकडे शिकवणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून वाक्यच देते: "माझ्या मांडीला दुखापत झाली आहे, मला हात लावून दाबू नका, मी माझ्या मर्यादेतच करेन." त्यांनी हे मानलं तर ठीक. "थोडं दुखल्याशिवाय कसं होणार" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. ठाण्यात योग शिकण्याच्या जागा कमी नाहीत. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर अशा संस्थांनी इथे कित्येक वर्षं लोकांना आसनं शिकवली आहेत. चांगल्या शिक्षकाची ओळख म्हणजे तो आसन लावण्याआधी तुमची जुनी दुखणी विचारतो.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल त्यांनी पाठ गोल करून खोल पुढे वाकणं टाळावं, मणक्याला इजा होऊ शकते. मधुमेह असणाऱ्यांचे सांधे लवकर ताठरतात, खांदा तर विशेष. हात वर जाईनासा झाला की घरी ओढाताण न करता दाखवून घ्या. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, तेव्हा नवीन टोक गाठायचं नाही. आणि ज्यांची बोटं लहानपणापासून उलटी वळतात, सांधे सहज निसटल्यासारखे वाटतात, त्यांना ताणाची नाही, ताकदीची गरज आहे.

राहिली खुर्ची. अकरा आठवडे मनापासून करूनही गुडघा तयार झाला नाही, किंवा तपासणीत गुडघ्याची झीज निघाली, तर खुर्चीवर बसून पूजा करा. मी हे तडजोड म्हणून सांगत नाही. गुडघ्यातल्या कळा सोसत, मंत्राकडे लक्ष नसताना पाटावर बसण्यापेक्षा शांतपणे खुर्चीवर बसून वाहिलेली दूर्वा मला जास्त खरी वाटते. काकूंचं बोलणं तुम्हाला लागलं, कारण त्यात वडिलांचं नाव होतं. वडिलांच्या जागी बसण्याचं दडपण वेगळं असतं, हे मी समजू शकते. पण ती जागा तुम्हाला मिळाली ती तुम्ही त्यांचे म्हणून, तुमची मांडी जमिनीला टेकते म्हणून नाही.

माझा अंदाज मात्र असा आहे, की यंदा तुम्ही बसाल. म्हणून शेवटच्या दोन दिवसांचं सांगते, कारण केलेलं काम बरेचदा तिथेच वाया जातं. ठाण्याहून गाडीनं कोकणात पोचायला सणाच्या गर्दीत दिवस मोडतो. तितका वेळ खुबा दुमडलेला राहिला तर तो पुन्हा आखडतो. दर दीड तासानं उतरा, पाच मिनिटं चाला. शक्य असेल तर पूजेच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचा, चतुर्थीच्या पहाटे नको. भटजींना आधीच सांगून ठेवा, की मधे पाय बदलावे लागतील. त्यांना यात काही नवीन नाही. पूजेला बसण्याआधी अंगणात आणि मागीलदारी दहा मिनिटं फेऱ्या मारा, खुर्चीवरचा व्यायाम दोन्ही बाजूंना एकेकदा करा, पाटावर घोंगडीची घडी घाला. आणि आरतीला उठायची वेळ आली की झटकन उठू नका. घोट्याशी किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबून पाय बधिर झालेला असू शकतो आणि तसाच टाकला तर मुरगळतो. आधी दोन्ही पाय पसरा, घोटे फिरवा, मुंग्या ओसरू द्या, मग शेजारच्याचा हात धरून उभे राहा. तोवर आरती थांबेल.